चाहुलीची चौकट

लालबागच्या सुताराकडून चौकट आणायला संघमित्रा स्वतः गेली. ऑफिसातल्या कुणालाही पाठवता आलं असतं. पण जिच्यावर इतके महिने डोकं खपवलं, ती वस्तू आधी आपल्या हातात यावी असं तिला वाटत होतं. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटायचे डंक चालू होते. त्यांची जड, एकसुरी धडधड आणि मिरच्यांचा नाकात झोंबणारा वास पार सुताराच्या दुकानापर्यंत आला होता. सुतारानं चौकट फडक्यानं पुसून तिच्यापुढे धरली. दाराएवढी रुंद, तीन ओळींत नऊ चौकोनी खण. प्रत्येक खणावर पुढे दुधी काच बसायची होती.

"लाकूड जुनं वापरलंय," सुतार म्हणाला. "मागच्या गल्लीतली चाळ पाडली ना, तिच्या दारांचं सागवान. नवं लाकूड पावसात फुगतं. हे आता काही फुगायचं नाही."

संघमित्रानं लाकडावरून हात फिरवला. अनेकांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं ते लाकूड होतं. तिला ते आवडलं. टॅक्सीच्या मागच्या सीटवर चौकट आडवी घेऊन, शिंकत शिंकत, ती लोअर परळला आली.

तिचं ऑफिस तिथल्या एका बंद गिरणीच्या आवारात होतं. घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेले रुग्ण असतात, त्यांना फोनवरून मदत करायचं काम ही कंपनी करायची. मशीन मध्येच वाजायला लागलं, नळी निसटली, नुसतीच भीती वाटायला लागली, की माणसं फोन करत. फोन घेणारे सगळे आपापल्या घरी बसून काम करायचे. कुणी प्रभादेवीला, कुणी शीव कोळीवाड्यात, कुणी नागपुरात, कुणी कणकवलीला. ऑफिसात रोज येणारे म्हणजे डिझाइन बघणारी संघमित्रा, यंत्रं बघणारा विकास आणि या सगळ्यांचा साहेब यशोधन.

चौकटीचा विचार सुरू झाला तो चिंतामणी काकांमुळे. काका गिरगावात फणसवाडीत राहायचे, एकटेच. आयुष्यभर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, पण आवाज असा मऊ की घाबरलेला रुग्ण काकांशी दोन मिनिटं बोलला की शांत व्हायचा. एका शनिवारी संध्याकाळी काम करता करता खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं. हे कळलं सोमवारी सकाळी, दूधवाल्यानं दार ठोठावून शेजाऱ्यांना गोळा केलं तेव्हा. मधला अख्खा रविवार सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर काकांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. काका ऑनलाइन आहेत, म्हणजे बरे आहेत, असंच प्रत्येकानं धरलं.

नंतर विकास काकांच्या घरी जाऊन कंपनीचा लॅपटॉप घेऊन आला. "वायर लावलेलीच नव्हती गं," तो म्हणाला. "बॅटरी शनिवारीच संपली असणार. बंद पडलेला लॅपटॉप होता तो." मग ठिपका सोमवारपर्यंत हिरवा कसा राहिला, ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यानं शोधायचं सोडून दिलं.

यशोधननं कॅमेऱ्यांचं सुचवलं होतं. सगळ्यांच्या टेबलावर कॅमेरा, ऑफिसात मोठा पडदा. संघमित्रानं साफ नकार दिला.

"मला हजेरी नकोय सर. चाहूल हवीय," ती म्हणाली. "आमच्या चाळीत शेजारची काकू उठली हे कुणी सांगायला लागायचं नाही. मोरीत तांब्या वाजला की कळायचं. एखाद्या दिवशी नाही वाजला, की आई लगेच दारात जाऊन उभी. तिला काही दिसत नव्हतं, तरी माहीत सगळं असायचं."

यशोधननं जरा विचार केला आणि म्हणाला, "कर. पण माणसांना आवडलं पाहिजे."

ती मोठी चौकट ऑफिसच्या भिंतीवर लागली आणि त्याच लाकडाच्या छोट्या चौकटी, वहीच्या आकाराच्या, प्रत्येकाच्या घरी टेबलावर गेल्या. प्रत्येकाला आपला एक खण. टेबलाजवळ माणूस हललं-डुललं की त्याचा खण सगळीकडे उजळायचा. शांत बसलं की उजेड मंद व्हायचा. उठून गेलं की विझायचा. आणि आपल्या खणावर तळवा टेकवला की तो सगळ्यांच्या घरी तांबूस व्हायचा. त्याचा अर्थ एवढाच, की मी आहे. फोटो नाही, आवाज नाही. नुसते उजेडाचे तुकडे.

लोकांना तो प्रकार इतका आवडला की संघमित्रालाच नवल वाटलं. नागपूरची नम्रता सकाळी बसली की आधी तळवा टेकवायची, मग एकेक खण तांबूस होत जायचा, जणू दारं उघडून सगळे गॅलरीत आले. अनिश शीव कोळीवाड्यातून बोलायचा. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याला घर सोडता यायचं नाही. तो एकदा म्हणाला, "मित्रा, तुला खरं सांगू का. दुपारी आई झोपली की घर खायला उठायचं. आता ती चौकट बघतो आणि बरं वाटतं. थँक्यू गं." ऑफिसात सगळे तिला मित्राच म्हणायचे.

माणसं आठ होती आणि खण नऊ. खालच्या ओळीत डावीकडे प्रभादेवीची मेघना, उजवीकडे अनिश आणि मधला रिकामा. पुढेमागे कुणी नवीन आलं तर असू दे, म्हणून ठेवलेला.

तो रिकामा खण उजळलेला तिनं पहिल्यांदा पाहिला तो एका दुपारी, जेवणं झाल्यावर. ऑफिसात पेंग आली होती. तिला वाटलं, शेजारच्या खणातला उजेड लाकडाच्या फटीतून झिरपतोय. विकासनं दोन्ही बाजूंना काळे कागद लावले. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला खण परत उजळला. बाकीच्यांचे उजेड पांढरे होते. हा पिवळट होता, देव्हाऱ्याजवळच्या झिरोच्या बल्बसारखा.

विकासनं चौकट उतरवली, टेबलावर पालथी घातली आणि मागची फळी उघडली.

"हे बघ," तो म्हणाला.

संघमित्रानं वाकून पाहिलं. आठ खणांत छोटे दिवे होते, त्यांच्या वायरी होत्या. मधल्या खणात काहीच नव्हतं. नुसतं लाकूड, त्याच्यावर एका जुन्या खिळ्याचं भोक.

"दिवा बसवलाच नाही मी यात. माणूसच नव्हतं, तर कशाला बसवू?"

त्यानं फळी लावली, चौकट उचलून भिंतीला टेकवली. काचेवर पिवळट उजेड तसाच होता. विकासनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. एसीचा आवाज तेवढा येत होता.

संघमित्राच्या घरात भुताखेतांना जागा नव्हती. सकाळी बुद्धवंदना, रात्री अभ्यास, आणि कळलं नाही तर कळेपर्यंत विचारायचं, अशा घरात ती वाढलेली. तिनं विचारून पाहिलं. दिव्यांची कंपनी, काच देणारा, सगळ्यांना. मग ती नुसती बघत राहिली. आणि जितकं बघितलं तितका एक विचार पक्का होत गेला. तो उजेड वायरीतल्या बिघाडासारखा वागत नव्हता. माणसासारखा वागत होता. दुपारची जेवणं आटोपली की यायचा. थोडा वेळ तेज, जणू कुणी आवराआवर करतंय. मग मंद, जणू कुणी टेकलंय. दिवेलागण झाली की विझायचा.

मेघनाचा फोन आला. "मित्रा, नवीन कोण घेतलंय? माझ्या शेजारच्या खणात?"

"का गं?"

"काही नाही. छान वाटतं. मी एकटी असते ना... ती लाइट दुपारी आली की वाटतं, कुणीतरी शेजारी येऊन बसलं."

"ट्रायल चाललीय," ती कशीबशी म्हणाली.

यशोधनला सांगितलं तेव्हा तो दुपारभर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसला. उजेड आला. त्यानं तो नीट पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका असतील."

कुणी हसलं नाही. खरं तर तो बोलला आणि सगळ्यांच्या मनातली गाठ थोडी सैल झाली. काका असतील तर घाबरायचं कशाला? त्यांच्याकडे तर रविवारभर कुणी फिरकलं नव्हतं, आणि तरी ते आपल्यात येऊन बसतायत. विकासनं काकांचा एक फोटो चौकटीशेजारी लावला. जाता-येता संघमित्रा मधल्या खणाकडे बघून मान हलवायची, वडीलधाऱ्यांना बघून आपण हलवतो तशी. भीती गेली नव्हती. पण तिच्याबरोबर नांदायची सवय झाली होती.

आणि मग तो शुक्रवार आला.

ऑफिसचा एसी दुरुस्तीला काढला होता, म्हणून यशोधननं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं. संघमित्रा तेवढी कारागिरांसाठी थांबली होती. कारागीर जेवायला गेले. खिडक्या सताड उघड्या, बाहेर ऊन रणरणतंय, गिरणीच्या चिमणीची सावली आवारात आखडून पडलेली. आत गरम धुळीचा वास. इतकं शांत की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

तिनं चौकटीकडे पाहिलं. मधला खण तांबूस झाला होता.

आजवर तो कधी तांबूस झाला नव्हता. तळवा टेकवल्याशिवाय खण तांबूस होत नाही, आणि तिथे टेकवायला कुणी नव्हतं. उजेड विझला. परत तांबूस झाला. परत विझला. पुन्हा. घाईघाईनं, जणू कुणी बंद दारावर तळहातानं थापा मारतंय.

आवाज काहीच नव्हता. तेच जास्त भयंकर होतं.

तिचा मोबाइल वाजला तशी ती दचकली. अनिश होता.

"मित्रा... तू चौकट बघतेयस का?"

"बघतेय."

"मधलं काय चाललंय ते? माझ्याकडे पण तसंच... आई पण आतून बघतेय. म्हणते, कुणीतरी हाक मारतंय रे."

संघमित्राची नजर डावीकडे सरकली. मेघनाचा खण. पांढरा, मंद, स्थिर. वाचत बसलेल्या माणसाचा असतो तसा.

"मेघना आहे ना जाग्यावर?" अनिशनं विचारलं.

"आहे. शांत बसलीय."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिचे तिलाच खटकले. शांत बसलंय म्हणजे काय? आपली चौकट एवढंच सांगते, की खुर्चीत माणूस आहे. ते वाचतंय, पेंगतंय, की मान टाकून पडलंय, हे तिला कुठे कळतं? काकांचा ठिपकाही हिरवाच होता.

"अनिश, ठेव फोन," ती म्हणाली, आणि मेघनाला लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. समोर मधला खण आता विझतच नव्हता. तांबूस, गडद तांबूस, कुणी सगळा भार देऊन तळवा दाबून धरल्यासारखा.

संघमित्रा तशीच निघाली. सेनापती बापट मार्गावर टॅक्सी मिळाली, पण पुढे रस्ता तुंबलेला. प्रभादेवीच्या अलीकडेच तिनं टॅक्सी सोडली आणि पळत सुटली. मेघनाची इमारत जुनी, तीन मजली, लाकडी जिन्याची. वरच्या मजल्यावर गॅलरीत शेजारच्या मालवणी काकू कुरड्या वाळत घालत होत्या.

"काय झाला गो? खंय धावतंस?"

"काकू, मेघना... फोन उचलत नाहीये."

"आतच आसा ती. आत्ताच बोलण्याचो आवाज इलो."

"कुणाशी बोलत होती?"

काकूंचा हात कुरडईवर थांबला. "तां काय माका कळूक नाय. फोनवर आसतली."

दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, थापा मारल्या. आत कुणीतरी चालल्यासारखं वाटलं, अनवाणी, हलकं, आणि मग काहीच नाही. काकूंनी खालच्या मजल्यावरून त्यांच्या पुतण्याला बोलावलं. त्यानं दोनदा खांदा मारला आणि कडी निखळली.

मेघना टेबलाशी खुर्चीत होती. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा घामानं निथळत होता, ओठ ओले. तिला मधुमेह आहे आणि ती इन्सुलिन घेते, हे संघमित्राला ठाऊक होतं. टेबलावर डबा न उघडलेला. सकाळपासून फोनवर फोन आले असणार, आणि इंजेक्शन घेऊन जेवायचं राहिलं असणार.

तिच्या हाताशी एक काचेचा ग्लास होता. तळाशी न विरघळलेली साखर. चमचा बशीत काढून ठेवलेला. संघमित्रानं तो ग्लास पाहिला आणि तिथेच थिजली. ग्लासातलं पाणी अजून फिरत होतं. साखरेचे कण त्याच्याबरोबर हळूहळू गरगरत खाली बसत होते.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा साखरेचा डबा ओट्यावर उघडा होता. खोलीत दुसरं माणूस नव्हतं. दुसरं दार नव्हतं. टेबलावरच्या छोट्या चौकटीतला मधला खण तांबूस होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तो विझला, शांतपणे, काम झाल्यासारखा.

खाली टॅक्सी थांबवून काकूंच्या पुतण्यानं मेघनाला उचलून नेलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, तपासलं, आणि बाहेर येऊन संघमित्राला म्हणाले, "साखर कुणी दिली? तुम्ही?"

"नाही."

"ज्यांनी दिली त्यांचे आभार माना. थोडी थोडी करून, सांभाळून दिलीय. आणखी वेळ गेला असता तर कठीण होतं."

संघमित्रा दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं. भीतीचं होतं की कशाचं, तिचं तिला कळलं नाही. समोर रस्त्यावर माणसं सिद्धिविनायकाकडे चालली होती, फुलवाले हाका मारत होते. देवाला हात जोडणाऱ्यांतली ती नव्हती. पण त्या संध्याकाळी तिनं हात जोडले, कुठल्याच दिशेला नाही, नुसते जोडले. काका, ती मनात म्हणाली, आम्ही तुमच्याकडे आलो नाही. तुम्ही आलात.

मेघना बरी झाली. पूर्ण बरी व्हायला थोडे दिवस गेले, मग एका दुपारी ती स्वतःहून ऑफिसला आली. कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच. तिनं सगळ्यांसाठी घरून जेवण करून आणलं होतं, वालाचं बिरडं आणि पोळ्या. विकासला, यशोधनला, सगळ्यांना ती भेटली. संघमित्राला तिनं मिठी मारली ती सोडेचना.

"तू आलीस म्हणून," ती म्हणाली.

"मी नुसती आले. वाचवलं काकांनी."

"कोण काका?"

संघमित्राच्या लक्षात आलं, मेघना काकांच्या नंतर लागलेली. तिनं त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं. तिला भिंतीजवळ नेऊन संघमित्रानं फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. हिरवा ठिपका, फणसवाडीची खोली, दिवा नसलेला खण. मेघना ऐकत होती. फोटोकडे बघत राहिली. मग तिनं हळूच मान हलवली.

"नाही गं."

"काय नाही?"

"हे नव्हते."

विकासनं हातातली पोळी ताटात ठेवली.

"मला धड काही आठवत नाही," मेघना सावकाश म्हणाली, "पण एवढं आठवतं. बाई होती. वयस्कर. माझी हनुवटी धरली होती तिनं, आणि मनगटावरच्या बांगड्या माझ्या गळ्याला लागत होत्या, गार. खोबरेल तेलाचा वास. म्हणत होती, घे बाळा, एक घोट घे, झोपू नको. मग दारावर थापा ऐकू आल्या. तर ती म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आली तुझी मैत्रीण, आता मी निघते. मला अजून शीवला जायचंय."

यशोधननं उगाच खिडकीकडे पाहिलं. संघमित्राची नजर भिंतीवर गेली. मधला खण अंधारलेला होता. मेघनाला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून तो उजळलाच नव्हता, आणि काका दमले असतील, काम झालं असेल, असं त्यांनी आपापसात म्हणून टाकलं होतं. उजवीकडे अनिशचा खण पांढरा, स्थिर.

तिनं ताट तसंच ठेवलं आणि फोन लावला. पहिल्या रिंगला अनिशनं उचलला.

"बोल मित्रा."

"बरा आहेस ना?"

"एकदम. तुला मीच फोन करणार होतो आज. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं."

"कशाबद्दल?"

"अगं, त्या बाईंबद्दल. ऑफिसातून पाठवल्यास ना तू, आईजवळ बसायला? रोज दुपारी येतात. मला फोन घेता येतात निवांत. आई एवढी खूश आहे... हल्ली त्यांच्याशिवाय कुणाशी बोलतच नाही. दोघी हळू आवाजात काय काय बोलत असतात."

संघमित्रानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी कुणाला पाठवलं नाही, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. पण पलीकडे अनिशचा आवाज इतका हलका होता. इतक्या महिन्यांत त्याचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता.

"आत्ता आहेत त्या?" तिनं विचारलं.

"हो, आतल्या खोलीत. देऊ का फोन?"

नको म्हणावं, असं तिला वाटलं. मग तो ग्लास आठवला, तो फिरणारा साखरेचा तळ. समोर मेघना उभी होती, जिवंत, गालांवर रंग आलेली, हाताला बिरड्याचा वास.

"दे," ती म्हणाली.

फोनमध्ये थोडी खरखर झाली. मग शांतता. कुणाचा तरी श्वास, अगदी कानाशी.

"तुम्ही कोण, मला माहीत नाही," संघमित्रा म्हणाली. "पण तुमचे फार उपकार झाले."

पलीकडे बांगड्या किणकिणल्या.

"जेवलीस का गं?" म्हाताऱ्या बाईचा आवाज. मायेचा, घरातला.

"नाही... अजून नाही."

"मग आधी जेव. ताटावरून उठू नये."

खरखर परत वाढली आणि मध्येच तुटली. अनिशचा आवाज आला, मोठ्यानं.

"हॅलो? मित्रा, ऐकू येतंय का? रेंजच जात होती इथे. थांब हं एक मिनिट, मी आत जातो आणि देतो त्यांना फोन."